बोटांची जुनी सवय

(दृश्य : कळफलकावर चाललेली बोटं. टंकलेखन यंत्राचा आवाज.)

‘विनंती’ हा शब्द टाइप करायचा आहे. सरकारी पत्रव्यवहारात हा शब्द पानोपानी. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची, मग ‘व’. ‘भ’ हवा असेल तर आधी अर्धा भ, मग काना. कागदावर डावीकडून उजवीकडे जसं दिसतं, त्याच क्रमानं. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट या कळमांडणीत मात्र आधी ‘व’, वेलांटी त्यानंतर. भ साठी शिफ्ट धरून एकच कळ. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजव्या.

ज्यांची उमेदीची वर्षं यंत्रावर गेली, त्यांच्यासाठी संगणक शिकणं म्हणजे बरंचसं हेच. बटणं कुठली, हे चार दिवसांत कळतं. बोटं ऐकत नाहीत.

(दृश्य : जुनी यंत्रं, कार्बन पेपर, लाल-काळी रिबन.)

1955 साली गोदरेजनं भारतीय बनावटीचं टंकलेखन यंत्र आणलं. पुढं कितीतरी वर्षं मिनिटाला मराठी 30, इंग्रजी 40 या शब्दगतीवर लिपिकाची नोकरी ठरत होती. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी सहाच्या बॅचला गर्दी असायची.

मग कार्यालयांत संगणक आले. सुरुवातीला फारसं अडलं नाही, कारण श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टसोबत टंकलेखन यंत्राची ओळखीची मांडणी मिळायची. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणाऱ्या युनिकोडनं तो घोळ मिटवला आणि इन्स्क्रिप्ट पुढं आलं. एकदा शिकलेली माणसं पुन्हा शिकायला बसली.

2001 साली राज्यात एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक परीक्षा सक्तीची झाली. मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढी अडल्या. संध्याकाळच्या वर्गात आई आणि मुलगी एकाच बाकावर दिसू लागल्या. माउसचं डबल क्लिक जमेना म्हणून चेष्टा होई. पण टाइप करायची वेळ आली की तिशी न ओलांडलेले सरच मागे पडत. हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना? परीक्षेतून सूट. तेव्हा ती मोठी सवलत वाटली. आम्हाला ती तशी वाटत नाही. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती 58व्या वर्षी. म्हणजे उरलेली आठ वर्षं प्रत्येक पत्रासाठी, प्रत्येक ईमेलसाठी शेजारच्या टेबलावरच्या पोराला ‘जरा हे बघ ना’ म्हणायचं. परीक्षा माफ केली ते ठीकच. पण शिकवणंही तिथंच थांबलं.

(दृश्य : न्यायालयाबाहेरची टेबलं, छत्री, लॅपटॉप, प्रिंटर.)

इथं सूट द्यायला कुणी नव्हतं. प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, कारण पक्षकार संगणकाची प्रत मागू लागले. मग स्कॅनिंग आलं, पीडीएफ आली, ऑनलाइन अर्ज आले. कोर्स कुणी केला, कुणी भाच्याकडून शिकलं, कुणी झेरॉक्सवाल्याकडून. शिकण्याचा विषय मात्र रोजचंच काम होतं. वर्गात ‘पेंट’ हा चित्रांचा प्रोग्राम उघडून घर आणि झाड काढण्यापेक्षा कालचाच भाडेकरार दुरुस्त करून सेव्ह करायला शिकणं लवकर अंगवळणी पडतं.

‘चूक झाली की पूर्वी सगळं पान नव्यानं,’ इथले एक काका सांगतात. ‘आता कंट्रोल झेड. हे आधी का नाही आलं?’

सध्या त्यांच्याकडे मोबाइल घेऊन तरुण वकील येतात. फोनला मराठीत बोलून मजकूर तयार केलेला असतो. काका तो संगणकावर घेतात, ‘प्रतिवादी’च्या जागी पडलेलं ‘प्रतिवाद’ दुरुस्त करतात, परिच्छेदांना क्रमांक देतात, शेवटी सत्यापनाचा, म्हणजे लिहिलेलं खरं असल्याचा, मजकूर घालतात आणि पानाचा ठरलेला दर लावतात.