कापसाच्या वावरात कॅमेरा

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

डिसेंबरच्या सुट्टीत आपल्यातले बरेचजण यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडच्या आपापल्या गावी जातील. शाळेत असताना हातात धरलेला आणि पुढे नोकरी-संसारात सुटलेला कॅमेरा पुन्हा धरायची इच्छा अनेकांनी बोलून दाखवली आहे. आमचं सांगणं एकच. नवा कॅमेरा घ्यायच्या आधी उजेड ओळखायला शिका. लहानपणी तो अंदाजाने ओळखायचो. ॲग्फा क्लिक-थ्रीच्या १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे, आणि जमलं की फसलं हे रोल धुऊन आल्यावरच कळायचं. आता उजेड मोजणारा मीटर कॅमेऱ्यात आहे, मोबाइलमध्येही आहे. पण कापसाच्या वावरात हा मीटर हमखास चुकतो.

समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं मीटर धरून चालतो. कापसाच्या गंजीने फ्रेम भरली की तो उजेड कमी करतो आणि पांढराशुभ्र कापूस मळकट दिसतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, कॅमेऱ्यातल्या +/- च्या सोयीने +१ ते +१.३ करा. पऱ्हाटीवर चार-दोन बोंडं फुटलेली आणि मागे काळी माती असेल तर नेमकं उलट होतं. मीटरला काळंच जास्त दिसतं, तो सगळा फोटो उजळवतो आणि बोंडाचे धागे जाऊन नुसता पांढरा ठिपका उरतो. तिथे -०.७ ते -१ करा. गोठ्याच्या अंधाऱ्या दारात उभ्या असलेल्या पांढऱ्या गवळाऊ बैलाचंही असंच होतं. मोबाइल असेल तर बोंडावर बोट दाबून धरा. फोटो काळवंडेल. मग बाजूची सूर्याची खूण हळूहळू वर सरकवा, आणि धागे पुसट व्हायला लागायच्या आत थांबा. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, एकदा जळालेला पांढरा (धागे पुसून गेलेला भाग) परत मिळत नाही.

ऊन कोणतं घ्यावं? मे महिन्याच्या शेवटी विदर्भात दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो साधारण ४५ अंशांवरच असतो, म्हणून हिवाळ्यातल्या दुपारीही काम होतं. तरी खरी मजा सकाळची. दव वाळलं की बोंडं फुलून येतात आणि तिरप्या उन्हात त्यांचा गोलवा दिसतो.

वेचणाऱ्या बाईचा चेहरा पदराच्या सावलीत काळा पडतो. फ्लॅश मारू नका, त्याने चेहरा चपटा होतो. ती गंजीपाशी बसली की फोटो घ्या. कापसावरून परतलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो आणि डोळ्यांत चमक दिसते. इतका सुंदर उजेड स्टुडिओतही सहज मिळत नाही. अर्थात आधी विचारायचं, "काकू, फोटो काढू का?"

आता ट्रंकेतल्या जुन्या कॅमेऱ्याविषयी. चामड्याच्या केसमध्ये ठेवला असेल तर आधी केस वेगळी करा, कारण पावसाळ्याची ओल तिच्यातच मुरते. लेन्समधून आरपार बॅटरीचा झोत टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती वरवर पुसून जात नाही, लेन्स उघडून साफ करून घ्यावी लागते. ३५ एमएमचा कॅमेरा असेल तर मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाने तपासा. तो चिकट झाला असेल तर उजेड आत शिरून फोटोवर पट्टे उमटतात. एवढं ठीक असलं आणि शटर नीट चालत असलं, तर १०० आयएसओचा रोल घाला (रोल उजेडाला किती संवेदनशील आहे ते हा आकडा सांगतो). लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/१२५ सेकंदावर ठेवलं की मीटर नसला तरी भागतं.

कृष्णधवल रोल घरी धुणार असाल तर पाण्याकडे लक्ष द्या. डेव्हलपरची, म्हणजे रोलवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची, वेळ सहसा २० अंश सेल्सिअसला धरून दिलेली असते. उन्हाळ्यात गावच्या टाकीतलं पाणी तिशीच्या वर असतं. त्यात रोल वेळेआधीच काळा होतो, आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर इतका मऊ पडतो की नख लागलं तरी सोलतो. परातीत बर्फाचं पाणी घेऊन सगळ्या बाटल्या त्यात उभ्या करा. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला हवं, नाहीतर थराला बारीक सुरकुत्या पडतात.

परतीच्या दोन दिवस आधी तालुक्याला जाऊन ५ × ७ इंचांचे प्रिंट काढा आणि ज्यांचे फोटो आहेत त्यांना नेऊन द्या. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर न्या. आणि स्टुडिओत आधीच सांगा, "भाऊ, ऑटो करेक्शन बंद ठेवा." नाहीतर मशीन कापूस पुन्हा करडा करून देऊ शकतं.