पहिली जलतरण स्पर्धा: पालकांच्या वाट्याचं काम

नमस्कार. आज हातपाय कसे मारायचे यावर मी काही बोलणार नाही, ते कोचवर सोडा. तुमच्या वाट्याला येतात ती कामं साधी आहेत: मूल कोरडं ठेवणं, उपाशी न ठेवणं आणि वेळेवर योग्य जागी पोहोचवणं. लहान मुलाची 50 मीटरची शर्यत मिनिटा-दीड मिनिटात आटोपते, पण दोन शर्यतींमध्ये दोन तासही जाऊ शकतात. मुलं पोहून जितकी दमत नाहीत तितकी ताटकळून दमतात.

म्हणून पिशवीत दोन टॉवेल हवेतच, कारण पहिला वॉर्म-अपलाच चिंब होतो. शिवाय अंगावर घालायला काहीतरी उबदार आणि पायात मोजे, चपला. ओल्या पोशाखात तासभर बसलेल्या मुलाचे स्नायू आखडतात आणि ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या चौथऱ्यावर, ते कुडकुडत उभं राहतं. खाणं नेहमीचं, हलकं, थोडंथोडं द्या. नवा पदार्थ त्या दिवशी नकोच.

स्टार्ट लिस्ट हाती आली की तीन आकडे शोधा: इव्हेंट (शर्यत), हीट (त्या शर्यतीत एका वेळी पोहणारा गट), लेन (पोहायची पट्टी). समजा इव्हेंट 14, हीट 2, लेन 6. ते मुलाच्या हातावर पक्क्या मार्करने लिहा. सनस्क्रीनच्या आधी बरं का! तेलकट त्वचेवर शाई धरत नाही. नावापुढे 'एनटी' दिसलं तर घाबरू नका. आधीची वेळ नोंदलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशी मुलं बहुधा संथ हीटमध्ये पडतात. आणि हीटमध्ये पहिला नंबर आला म्हणून लगेच पेढे वाटू नका. पुष्कळ स्पर्धांमध्ये वेगळी अंतिम फेरी नसते, सगळ्या हीटच्या वेळा एकत्र करून क्रमांक लावतात.

आता गॉगल. पहिल्या स्पर्धेतलं अर्ध रडणं याच्यापायी असतं. सूर मारताना हनुवटी वर राहिली की पाण्याचा मार थेट काचांवर बसतो आणि गॉगल गळ्यात येतो. उपाय दोन. हनुवटी छातीकडे ठेवायची, हा सराव आधीच झालेला हवा. आणि गॉगलचा पट्टा कॅपच्या वर न ठेवता खाली घ्यायचा. दोन कॅप घालायला नियमाची आडकाठी नाही, तेव्हा पट्टा दोन्हींच्या मध्येही बसवता येतो. नवा कोरा गॉगल मात्र त्याच दिवशी पहिल्यांदा काढू नका. जुना, बसलेला घाला आणि दुसरा जोड जवळ ठेवा. वॉर्म-अपला पाण्यात पायांवर उतरायचं. सूर फक्त त्यासाठी ठेवलेल्या लेनमध्ये.

स्टार्टचा क्रम मुलाच्या कानात बसवा. लागोपाठ छोट्या शिट्ट्या म्हणजे तयार व्हा. एक लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढा. 'टेक युअर मार्क' ऐकलं की वाकून स्थिर, आणि मग सिग्नल. बॅकस्ट्रोकला पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं, दुसरीला भिंत धरायची. घरात फरशीवर तुम्ही शिट्टी वाजवून चार वेळा करून घेतलंत तरी पुरे. सिग्नलच्या आधी निघालं तर बाद. दुसरी संधी मिळत नाही.

बाद होण्याची इतर कारणंही ठरलेली असतात. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. शेजारच्या लेनमधलं मूल पुढे दिसलं की एक हात आपोआप पुढे जातो आणि तिथंच घोटाळा होतो. बॅकस्ट्रोक पाठीवरच संपवायचा असतो. पण मुलांना डोकं आपटायची धास्ती असते, म्हणून भिंत बघायला ती शेवटी पालथी होतात. त्यासाठीच भिंतीपासून 5 मीटरवर वरती झेंड्यांची दोरी बांधलेली असते. झेंडे डोक्यावरून गेल्यावर भिंतीपर्यंत किती वेळा हात मारावे लागतात ते मुलाने मोजून ठेवायचं. वॉर्म-अपमध्ये तीन-चार वेळा मोजलं की आकडा पक्का होतो. फ्रीस्टाइलमध्ये थोडी सवलत आहे: दम लागला तर तळाला पाय टेकून उभं राहता येतं, पण चालायचं नाही आणि लेनची दोरी ओढायची नाही.

मूल बाद झालं तर कारण कोचला विचारू द्या. पालकांनी रेफरीशी हुज्जत घालू नये. मुलाला त्या वेळी टॉवेल हवा असतो, चिरफाड नको.

घरी आल्यावर एका वहीत तारीख, स्ट्रोक, वेळ लिहा आणि शेजारी तलाव 25 मीटरचा की 50 चा तेही लिहा. छोट्या तलावात टर्न जास्त, म्हणजे भिंतीला रेटून वेग घ्यायची संधीही जास्त. ही नोंद करायची राहून गेली तर पुढे 50 मीटरच्या तलावातली वेळ पाहून मूल मागे पडलं असं वाटतं. खरं तर फक्त भिंती कमी झालेल्या असतात.