बाईंसाठी काय न्यायचं?

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. पाऊस नुकताच उघडलाय. पहिलीची मुलं जमिनीवर पालथी पडून चित्रं काढताहेत.)

जळगाव जिल्ह्यातला यावल तालुका. शाळेच्या मागे केळीच्या बागा, पुढे कपाशी. ऑगस्ट संपत आलाय आणि पहिलीच्या वर्गात बाईंसाठी भेटकार्डं तयार होताहेत. कागद कुठला, ते जरा जवळून बघा. एका बाजूला गणपती, आहेराची सूचना आणि मामा मंडळींची लांबलचक यादी. उन्हाळ्यातल्या लग्नांच्या पत्रिका घरोघरी पडून असतात आणि त्यांची मागची बाजू कोरी असते. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापायचा, रंगात बुडवायचा आणि दाबायचा. पाच पाकळ्यांचं फूल तयार.

एका मुलाने मात्र फूल काढलेलं नाही. त्याने बाई काढल्यात. डोकं मोठं, हात काड्यांसारखे, आणि पायात तपकिरी रंगाने बरबटलेल्या चपला. हे काय रे, असं विचारल्यावर तो म्हणतो, "गारा. बाई फाट्यावरून पायी येतात ना." गारा म्हणजे इकडे चिखल.

बाई रोज भुसावळहून अपडाऊन करतात. एसटी फाट्यावर सोडते, तिथून शाळेपर्यंत कच्चा रस्ता आहे. हे कुणी त्याला शिकवलेलं नाही. त्याने ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं. शिक्षकांबद्दलची कृतज्ञता लहान मुलांत रुजवायची कशी, असं पालक विचारतात तेव्हा आम्हाला त्या चपला दाखवाव्याशा वाटतात.

(दृश्य: गावातलं स्टेशनरीचं दुकान. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गुलाब, पेनांचे खोके.)

5 सप्टेंबर हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. 1962 साली ते राष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षापासून तो शिक्षक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. आदल्या संध्याकाळी अशा दुकानांत झुंबड उडते. गुलाब आई घेते, पैसे बाबा देतात, चिठ्ठीवर ताई लिहिते आणि सकाळी पोरगं ते सगळं बाईंच्या हातात देऊन पळतं. यात पोराचं काय होतं? काही ठिकाणी तर वर्गणी निघते. ज्याच्या घरून पैसे आले नाहीत, ते मूल त्या दिवशी मागच्या रांगेत मान खाली घालून बसतं. वर्गणीची ही पद्धत बंद व्हावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुलं आभार कसे मानतात, यावर 1938 साली स्वित्झर्लंडमध्ये एक अभ्यास झाला. मानसशास्त्रज्ञ फ्रांझिस्का बाउमगार्टन-ट्रामर यांनी शाळेतल्या मुलांना दोन साधे प्रश्न विचारले. तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती? आणि ती कुणी पुरी केली, तर त्याच्यासाठी तू काय करशील? काही मुलं म्हणाली, आभार मानू. काहींनी स्वतःला आवडणारी वस्तू देऊ केली, आणि हे लहान वयात जास्त दिसलं. समोरच्या माणसाला काय हवंय, त्याच्याशी आपलं नातं काय, हा विचार वय वाढेल तसा जास्त दिसू लागतो.

म्हणजे तुमच्या पाच वर्षांच्या लेकीने अर्धी खाल्लेली बोरकूटाची पुडी बाईंना दिली, तर कपाळावर हात मारू नका. तिच्या हिशेबात ते सर्वांत मोठं दान आहे. बाईंनाही ते कळतं.

(दृश्य: संध्याकाळ. घराचा ओटा. आजी, आई, शाळेतून आलेली मुलगी.)

घरी आल्यावर आपण मुलांना विचारतो, "आज काय शिकवलं?" उत्तर ठरलेलं असतं: "काही नाही." त्याऐवजी ही आई विचारते, "आज बाईंनी कुणाचं काय केलं?" मग मुलगी सुटते. एकाची चेन अडकली होती, ती बाईंनी काढून दिली. एक जण रडत होता, त्याला मांडीवर घेतलं. माझी रिबीन बांधली. बाईंचा घसा बसलाय. आई हे सगळं एका कागदावर उतरवून घेतेय, मुलगी बोलते तसंच. आजी मध्येच म्हणते, "नीट शुद्ध लिही, बाई वाचतीन." आई काही बदलत नाही. 'बाईंनी माझी रिबीन बांधली' या ओळीत त्या दिवशीच्या त्या बाई आहेत. 'आमच्या बाई ज्ञानाचा सागर आहेत' ही ओळ कुणाच्याही बाईंना चालते.

एक जपायला हवं. लाजाळू मुलाला सगळ्यांसमोर उभं करून "चल, पाया पड" असं ढकलू नये. त्याला बोलायचं नसेल, तर तो फळा पुसून देईल. त्यानेही पोचतं.

(दृश्य: अमळनेर. प्रताप हायस्कूलची इमारत.)

अमळनेरला आलं की एका शिक्षकाचं नाव निघतंच. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात इथे शिकवत होते आणि शाळेचं छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडणं, त्यांचे कपडे धुणं, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढणं, हे त्यांचं रोजचं काम. नोकरीच्या कागदावर यातलं काहीच नसणार. मुलांना दाखवायचं असतं ते शिक्षकाचं हे, तासाबाहेरचं काम.

ते काम आजही आहेच, त्याचा चेहरा बदललाय. मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब, आणि रात्री मोबाईलवर भरायची माहिती. इकडे ओट्यावर कुणीतरी सहज म्हणून जातं, "मास्तरले काय काम शे?" पोरगं शेजारीच बसून ऐकत असतं. मग 5 सप्टेंबरला त्याच्या हातात गुलाब देऊन काय उपयोग?

आणि बाई म्हणजे फक्त वर्गातल्या बाई नव्हेत. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तेव्हापासून आपल्या कितीतरी पिढ्यांचं पहिलं नाक पुसलंय ते सेविकेने आणि मदतनीस बाईंनी. खिचडी शिजवणाऱ्या मावशीसुद्धा याच यादीतल्या. मुलांना यादी करायला सांगा, ती कुणालाच विसरत नाहीत. विसरतो ते आपण.

(दृश्य: पोळ्याची आदली संध्याकाळ. गोठा. आजोबा आणि नातू बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळताहेत.)

पोळा आणि शिक्षक दिन थोड्या दिवसांच्या अंतराने येतात. खांदेमळणीला नातू आजोबांच्या हाताखाली असतो. जू कुठे बसतं, कातडीला कुठे घट्टा पडलाय, हे त्याच्या बोटांना कळतं. उद्या याला कामाला जुंपायचं नाही, पुरणपोळी आधी याला, हेही तो ऐकतो. बाईंना बैलाच्या पंगतीला बसवायचा आमचा विचार नाही, गैरसमज नसावा! पण ज्याने आपल्यासाठी कष्ट उपसले त्याला एक दिवस आराम द्यायचा, हे खेड्यातल्या मुलाला भाषणाशिवाय ठाऊक असतं.

(दृश्य: 5 सप्टेंबर, सकाळ. स्वयंशासन दिन.)

हाच आराम शाळेत स्वयंशासन दिन म्हणून येतो. आज सातवीची मुलं शिक्षक. आईची साडी, जागोजागी पिना, केसांत गजरा, हातात हजेरी. पहिलीवर आलेली ही 'मॅडम' तेरा वर्षांची आहे. पहिल्या तासाला तिचा आवाज खणखणीत आहे. "शांत बसा! हाताची घडी!" दुसऱ्या तासाला दोघांना एकाच वेळी लघवीला जायचंय, तिसऱ्याची पेन्सिल हरवलीय आणि चौथा ती शोधायला बाकाखाली शिरलाय. साडीच्या निऱ्या सुटल्यात. 'क'ची बाराखडी अजून 'कि'वरच अडकलीय. मधल्या सुट्टीपर्यंत घसा बसलेला, आणि ती खऱ्या बाईंजवळ येऊन विचारते, "बाई, तुम्ही रोज कसं करतात?"

बाई नुसत्या हसतात आणि तिच्या निऱ्या नीट करून देतात.

(दृश्य: सातपुडा. धडगावकडचा घाट.)

नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या पाड्यांवर, पहिलीत येणारं मूल घरी पावरी किंवा भिली बोलतं. तिथले गुरुजी आधी स्वतः मुलांकडून शब्द शिकतात. झाड, पाणी, भाकर, एकेक. गुरुजींचा उच्चार चुकला की वर्ग खिदळतो, आणि बरोबर शब्द त्यांना सांगायला पाच-सहा पोरं एकदम उठतात. सीताफळांच्या दिवसांत कुणी पिकलेलं सीताफळ टेबलावर ठेवून जातं. कुणी ठेवलं, ते कळत नाही.

(दृश्य: डिसेंबर. पुन्हा यावल तालुका. शेतात धूर.)

खान्देशात माणसाचं ऋण मानायचं, तर त्याला जेवायला बोलावतात. थंडी पडली, भरिताची वांगी आली की पालक शाळेतल्या सगळ्यांना शेतात बोलावतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी, हातभर वांगी भाजताहेत. साल निघाली की ती लाकडी बडगीत पडतात आणि मुसळाने ठेचली जातात. कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात. मुलांच्या वाटेची कामं ठरलेली: पात निवडायची, पाणी द्यायचं, बाईंचं ताट आधी न्यायचं.

आजीने मूठभर हिरव्या मिरच्या उचलल्यात. बडगीत टाकणार, एवढ्यात रिबीनवाली मुलगी तिचा हात धरते.

"आजी, थांब. बाईले तिखट चालत नही. त्यासनं येगळं काढ."

आजी एकदा नातीकडे, एकदा बाईंकडे बघते आणि म्हणते, "मंग पहिले सांगता नही येत का?" आणि बिनमिरचीचं भरीत वाडग्यात काढायला लागते.