अर्धं नाणं

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यू समाजात सामूहिक प्रार्थनेला दहा जण लागतात. परंपरेने दहा प्रौढ पुरुष. त्याला मिन्यान म्हणतात. पण दहा जमले का, हे बघताना कित्येक ठिकाणी एक, दोन, तीन असं माणसांना मोजत नाहीत. बायबलच्या स्तोत्रसंहितेतली एक ओळ म्हणतात, 'होशिया एत अमेखा...' मूळ हिब्रूत तिचे बरोबर दहा शब्द आहेत. एकेका माणसाकडे पाहायचं आणि एकेक शब्द उच्चारायचा. ओळीचा अर्थही ऐका : तुझ्या लोकांना तार, तुझ्या वतनाला आशीर्वाद दे, त्यांना सांभाळ आणि सदासर्वकाळ उचलून धर.

माणसं मोजली की संकट येतं, ही भीती जुनी आहे. दावीद राजाने प्रजेची शिरगणती काढली, तेव्हा सेनापती यवाबानेच विचारलं, महाराज, हे कशासाठी? राजाने ऐकलं नाही. मग मरी आली आणि सत्तर हजार माणसं गेली, असं बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकात आहे.

मग मोजायचंच नाही का? तसंही नाही. इजिप्तमधून निघालेल्या इस्राएल लोकांची वाळवंटात खुद्द देवाच्याच आज्ञेने गणती झाली. लढण्याजोगे पुरुष भरले ६,०३,५५०. अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार राशी म्हणतात, हे लोक देवाला प्रिय आहेत, म्हणून तो त्यांना पुन्हा पुन्हा मोजतो.

बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात तर मोजण्याची रीतही सांगितली आहे. वीस वर्षांवरच्या प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी नाही. म्हणजे डोकी मोजायची नाहीत, नाणी मोजायची. मला त्यातला 'अर्धा' फार मोलाचा वाटतो. पूर्ण नाणं कुणा एकट्याचं होतच नाही. शेजारच्याचं अर्धं त्याला जोडावं लागतं.

आउश्वित्झमध्ये नाझींनी कैद्यांच्या हातावर आकडे गोंदले. नावं पुसली, आकडा ठेवला. हे आठवलं की ती दहा शब्दांची ओळ मला अधिकच जवळची वाटते.

आपल्या कोकणात अलिबाग, रेवदंडा, पेण इथे बेने इस्राएलांची, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंची, सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिरं आहेत. १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. आता अशा गावांत दहा जण जमणं अवघड. नऊच जण आले, तर ओळ नवव्या शब्दापाशी थांबते. उरतो तो शेवटचा शब्द, 'हाओलाम'. सदासर्वकाळ.