एका मळकट पानाची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. घरातली पोथी जीर्ण झाली की आपण ती नदीत सोडतो. देवाचं नाव असलेला कागद कचऱ्यात कसा टाकायचा? यहुदी लोकही टाकत नाहीत. ते असे कागद एका खोलीत जपून ठेवतात आणि पुढे पुरतात. त्या खोलीला म्हणतात गनिझा. गनिझा, हा शब्द लक्षात असू द्या.

आज सांगायचंय सॉलोमन शेक्टर यांच्याबद्दल. जन्म १८४७, रुमानियातल्या एका छोट्या गावात. व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये शिकले, पुढे केंब्रिजला तालमूद, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ, शिकवू लागले.

मे १८९६. केंब्रिजमध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणी राहत. दोघी अरबी आणि सिरियाक ही प्राचीन भाषा जाणणाऱ्या. सिनाईच्या मठातलं सिरियाक शुभवर्तमानाचं प्राचीन हस्तलिखित अ‍ॅग्नेसबाईंनीच शोधलं होतं. एवढ्या विदुषी, पण केंब्रिजनं बायकांना पदव्या दिल्या त्या थेट १९४८ साली! मला याचा आजही राग येतो. तर या बहिणींनी प्रवासात काही हिब्रू पानं विकत घेतली होती. ती दाखवायला त्यांनी शेक्टरना घरी बोलावलं. शेक्टर पानं चाळू लागले. एक पान जेरुसलेमच्या तालमूदचं निघालं. मग हातात आलं दुसरं, मळकट, फाटकं. ते बघताच त्यांचे डोळे चमकले. "हे मी घेऊन जाऊ?" त्यांनी विचारलं, आणि ताडून बघायला ते घेऊन गेले. त्याच दिवशी बहिणींना त्यांची चिठ्ठी आली: हे बेन सिराच्या ग्रंथाचं मूळ हिब्रू पान आहे! मूळ हिब्रू, श्रोतेहो. बेन सिरा म्हणजे एक प्राचीन यहुदी ज्ञानी. तोवर जगाकडे त्याच्या या उपदेशाच्या ग्रंथाची भाषांतरंच होती, ग्रीक, सिरियाक अशी. मूळ कधीच हरवलेलं.

अशी पानं येतात कुठून? शेक्टर वर्षअखेरीस कैरोला गेले. जुन्या कैरोतल्या फुस्तात भागात बेन एझ्रा सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, आहे; त्याच्या गनिझात, शतकानुशतकांच्या धुळीत, शिडी लावून उतरले. या धुळीनं त्यांची प्रकृती बिघडली. तरी सुमारे १,९०,००० तुकडे त्यांनी केंब्रिजला आणले आणि नाकातोंडाला फडकं बांधून एकेक वाचत बसले. त्यात व्यापाऱ्यांची पत्रंही निघाली, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मंगळूरची सुद्धा.

म्हणून माझं एक सांगणं: घरातली पोथी नदीत सोडण्याआधी कुणा जाणकाराला दाखवा.

शेक्टर १९०२ साली न्यूयॉर्कला गेले, १९१५ मध्ये वारले. ते पान मात्र एकटं राहिलं नाही. बेन सिराची आणखी पानं त्याच गनिझातून निघाली आणि १८९९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली.