मोनॅकोत एक दिवस: वर लिफ्टने, खाली पायी

नमस्कार श्रोतेहो. भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालेल्यांसाठी आजचा मुक्काम मोनॅको. सकाळी जहाज लागतं, संध्याकाळी सुटतं, मधले आठ-नऊ तास आपले. देश केवढा, तर जेमतेम 2 चौरस किलोमीटर. म्हणून लोक म्हणतात, त्यात काय, चालत चालत बघून टाकू. आणि दुपारी दोनला पोटऱ्या धरून कुठल्यातरी पायरीवर बसलेले दिसतात. कारण मोनॅको आडवं नाही, उभं आहे. समुद्रातून डोंगर सरळ वर गेलाय आणि गाव त्या चढावर रचलंय. तेव्हा एकच सूत्र धरा: वर लिफ्टने, खाली पायी. शहरात सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने जागोजाग आहेत आणि ते फुकट आहेत.

पण शहरात शिरण्याआधी, जहाजातून पहिलं पाऊल कशावर पडतं तेवढं बघा. हा किस्सा सांगितल्याशिवाय मला मोनॅको पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

पोर्ट हर्क्यूल हे तिथलं बंदर. मोठी जहाजं पूर्वी आत मावायची नाहीत आणि पूर्वेकडून आलेली लाट थेट बंदरात घुसायची. मग बांध घाला की! आपल्याला हे सोपं वाटतं. मुंबईत बॅकबेला भराव टाकून नरीमन पॉइंट उभा केला. पण तिथला समुद्र उथळ. इथे किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ 50 मीटरहून खाली. तेवढ्या खोलीत दगड ओतत राहायचं तर अर्धा डोंगर लागेल, शिवाय प्रवाह अडेल आणि तळाचं सगळं जीवन गाडलं जाईल. मोनॅकोने काय केलं, तर भिंत स्पेनमध्ये बांधून घेतली आणि समुद्रातून ओढून आणली.

हो, ओढून. जिब्राल्टरजवळ अल्जेसिरासला कोरड्या गोदीत काँक्रीटची एक अवाढव्य पेटी तयार झाली. 352 मीटर लांब, 28 मीटर रुंद, वजन दीड लाख टनांच्या वर. एवढं काँक्रीट तरंगेल कसं? पातेलं तरंगतं तसंच. आतून पोकळ आहे, आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारलं की झालं. गोदीत पाणी सोडलं, पेटी उचलली गेली, आणि 2002 च्या ऑगस्टमध्ये टगबोटींनी ती भूमध्य समुद्रातून हळूहळू मोनॅकोला आणली.

खरी गंमत पुढे. आणली, पण बसवायची कशी? किनाऱ्याला घट्ट जखडली असती तर लाटेच्या प्रत्येक धक्क्याला सगळा ताण मुळाशी आला असता आणि काँक्रीट तिथेच तडकलं असतं. म्हणून किनाऱ्याकडच्या टोकाला पोलादी गोळा बसवला, सातशेहून अधिक टनांचा. आपल्या खांद्यात वाटी आणि गोळा असतो ना, तसा सांधा. दुसरं टोक साखळ्यांनी तळाला बांधलेलं. लाट आली की भिंत किंचित हलते, सांधा ती हालचाल गिळतो, आणि खालून पाणी वाहतं राहतं. या भिंतीच्या पोटात चार मजली पार्किंग आहे. बाहेर लाटा आपटताहेत आणि आत, पाण्याच्या पातळीखाली, कोणीतरी निवांत गाडी लावतंय! पुन्हा सांगतो: ज्याला तुम्ही धक्का समजून उतरता, तो तरंगतोय.

धक्क्याला आधीच दुसरं जहाज लागलेलं असेल तर आपलं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लाँचने, म्हणजे छोट्या बोटीने, किनाऱ्यावर सोडतात. तेव्हा शेवटच्या लाँचची वेळ लिहून घ्या. जहाज सुटण्याची वेळ वेगळी, ही वेगळी.

आता चाल. भिंत जिथे किनाऱ्याला टेकते तिथेच वर 'रॉक' आहे, म्हणजे जुनं गाव. पार्किंग दे पेशरच्या लिफ्टने थेट समुद्र संग्रहालयाशी निघता. 1910 मध्ये उघडलेलं हे संग्रहालय नुसतं बाहेरून बघू नका, दीड तास द्या. मग कॅथेड्रल. हॉलिवूडची नटी आणि पुढे मोनॅकोची राजवधू झालेल्या ग्रेस केलीची समाधी तिथे आहे, पण दगडावर 'ग्रेस' शोधाल तर सापडणार नाही. लॅटिनमध्ये 'ग्रातिया पात्रिसिया' लिहिलंय. राजवाड्यापुढे पहाऱ्याची बदली 11 वाजून 55 मिनिटांनी होते. बाराला नाही, 11:55 ला. साडेअकराला जागा धरा, नाहीतर समोरच्याच्या टोपीचंच दर्शन घडेल.

मग उतरा, रांप माजोरच्या पायऱ्यांनी, पायी. खाली प्लास दार्मला बाजार आहे. शाकाहारी मंडळींनी सोक्का मागावा: चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, कडक भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. आपलं धिरडंच, फक्त परतायचा त्रास नाही. बार्बाजुआन नावाची तळलेली करंजीही मिळते, आत पालेभाजी आणि चीज. अंड्याचं मात्र विचारून घ्या. दुपारी उशिरा गेलात तर बाजार आवरलेला असतो.

 

दुपारी माँटे कार्लोचा कॅसिनो. सकाळी तो पाहण्यासाठी उघडा असतो, खेळ दुपारी दोनपासून. खेळाच्या दालनात 18 वर्षं पूर्ण हवीत आणि ओळखपत्र हवं. इथेच घोळ होतो, कारण बऱ्याच क्रूझवर पासपोर्ट जहाजाकडे जमा असतो. आदल्या रात्री काउंटरवर मागून ठेवा. गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना स्वतःच्या या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. ग्रां प्री म्हणजे शहरातल्या रस्त्यांवरच होणारी फॉर्म्युला वनची मोटार शर्यत; तिच्या आधीचे काही आठवडे टाळलेले बरे, रस्त्यांवर कठडे आणि प्रेक्षकांचे मचाण बांधलेले असतात आणि चालायला वळसे पडतात.

व्हिसा शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो, चालतो. पण क्रूझ मध्येच ट्युनिससारख्या शेंगेनबाहेरच्या बंदराला जाऊन परत युरोपात येत असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा घ्या. आणि फोन! मोनॅको युरोपीय संघात नाही, तुमच्या रोमिंग पॅकच्या यादीत त्याचं नाव वेगळं लिहिलेलं आहे का ते बघा. जहाजावर पाय ठेवलात की लगेच विमान मोड लावा, कारण खोल समुद्रात फोन आपण होऊन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी पोचल्यावर येतं.