ओल्या लाकडाचा चमचा

[दृश्य: ओंडक्यात पाचर शिरते, लाकूड उलतं]

लाकूड पुरतं वाळल्याशिवाय त्याला हत्यार लावू नये, असं सुतारकामात सांगतात. दार-खिडकी करायची असेल तर ते खरंच आहे. हाताने चमचे आणि वाडगे कोरणारी मंडळी मात्र नेमकी उलटी वागतात. फांदी तोडली की ती ओली आहे तोवरच त्यांची घाई. ओलं लाकूड मऊ कापतं, त्यामुळे चमच्यासाठी कुऱ्हाड, सरळ पात्याची सुरी आणि आतला खळगा कोरायला वाकड्या पात्याची सुरी एवढं पुरतं. यंत्राचा गोंगाट नाही, नाकातोंडात जाणारी धूळ नाही.

ओंडका उभा चिरत नाहीत, पाचर मारून फोडतात. करवत लाकडाच्या रेषा, म्हणजे लांबीत धावणारे तंतू, जागोजागी तोडते, तर फोडलेलं लाकूड रेषेरेषेनेच उलतं. अखंड रेषांचा दांडा म्हणूनच बारीक करूनही टिकतो. फोडल्यावर मधला गाभा काढून टाकायचा, त्यात दयामाया नाही. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे मात्र ते आकसतं, आणि ओंडक्याच्या कापावर दिसणाऱ्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. अख्खा ओंडका तसाच पडू दिला तर हा ताण सालीपासून गाभ्यापर्यंत भेग पाडूनच मोकळा होतो.

लाकूड कोणतं? बर्च, मेपल, चेरी, आल्डर ही थंड प्रदेशातली झाडं. यांची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी असतात. ओकचं लाकूड मजबूत खरं, पण त्याच्या मोठ्या छिद्रांत अन्न अडकून बसतं. आणि वाकडी फांदी मिळाली तर ती आधी उचलावी! चमच्याला मानेशी जो बाक हवा असतो, तो अशा फांदीत रेषांसकट तयारच मिळतो.

[दृश्य: लाकडी ठोकळ्यावर कुऱ्हाडकाम]

कुऱ्हाडीचं काम दिसतं दांडगाईचं, असतं नेमकेपणाचं. लाकूड धरलेला हात वर, घाव खाली, आणि घाव चुकला तर पातं ठोकळ्यात रुतलं पाहिजे, गुडघ्यात नव्हे. जास्तीचं लाकूड एका दमात उडवायचं नसतं. आधी थोड्या थोड्या अंतरावर आडव्या खाचा, मग वरून तासत त्या ढलप्या काढायच्या. खाचा नसतील तर फाट रेषेबरोबर धावत सुटते आणि चमच्याची मान घेऊन जाते.

[दृश्य: शिकणाऱ्याच्या हातात सुरी, शिक्षक शेजारी]

शिकवण्याचा खरा वेळ जातो तो सुरी धरण्यात. नवखा माणूस मनगटाच्या जोरावर कापू पाहतो आणि पाचव्या मिनिटाला हात भरून येतो. म्हणून दोन्ही मुठी छातीशी आणायच्या, पातं बाहेरच्या बाजूला ठेवायचं आणि दोन्ही कोपर मागे खेचायचे. ताकद खांद्यांची आणि पाठीची, पण सुरी सरकते जेमतेम दोन बोटं आणि थांबते. दुसऱ्या पकडीत सुरी अंगठ्याकडे ओढतात. ऐकायला भीती वाटते. पण अंगठा पात्याच्या वाटेखाली टेकलेला असतो आणि मूठ मिटली की काप तिथेच संपतो. प्रत्येक पकडीत सुरीला थांबा असतो. तो कुठे आहे हे शिकणाऱ्याला सांगता येईपर्यंत लाकडाला हात लावू देऊ नये, असं आमचं मत. आणखी एक नियम मोडायचा नाही: दोन मांड्यांच्या मधल्या जागेत कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने शरीरातली एक मोठी रक्तवाहिनी जाते.

ही शिस्त जगभर पोचवणाऱ्यांत स्वीडनच्या विले सुंडक्विस्ट यांचं नाव वरचं आहे. जन्म १९२५चा, निधन २०१८मध्ये. १९७८ साली त्यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात वर्ग घेतला आणि तिथेही हे काम रुजलं. कला त्याहून कितीतरी जुनी. १५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचं जहाज १९८२मध्ये वर काढलं. खलाशांचे लाकडी वाडगे त्यात सापडले आहेत.

[दृश्य: वाकड्या सुरीने खळगा]

खळगा कोरताना काठाकडून तळाकडे उतरत जायचं, दोन्ही टोकांकडून. तळ ओलांडून पलीकडे चढायला गेलात की सुरी रेषांखाली शिरते आणि लाकूड उचकटतं. हा खरखरीत डाग बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर.

मग वाळवणं. पेशींच्या पोकळीतलं पाणी गेलं तरी लाकूड जागचं हलत नाही. सुक्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांखाली ओलावा उतरला की आकसणं सुरू होतं. चमचा सगळीकडे सारखा पातळ असेल तर तो निभावून नेतो. वाडग्याचं दुखणं वेगळं. रेषा जिथे तुटतात ती दोन टोकं पाणी भराभर सोडतात, म्हणून वाडगा ढलप्यांसकट कागदी पिशवीत ठेवून सावकाश वाळवतात. गोल कोरलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो. त्यात दोष कुणाचाच नाही.

वाळल्यावर धार लावलेल्या सुरीने शेवटचे काप घ्यायचे. पॉलिश पेपर आम्हाला आवडत नाही. घासलेल्या लाकडाचे तंतू पहिल्या धुण्यातच उभे राहतात. नंतर जवसाचं कच्चं तेल. तेलाची चिंधी मात्र चुरगळून टाकू नका. हे तेल घट्ट होताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

[दृश्य: वर्गाची मांडणी]

राहिला प्रश्न वर्ग कसा घ्यायचा याचा. दोन तासांत चमचा हवा म्हणून बऱ्याच ठिकाणी आकार कापलेले ठोकळे हातात देतात. चमचा घरी जातो, माणूस खूश. पण दुसरा करायला बसलं की ओंडका कसा फोडायचा, गाभा कुठे, बाक कुठून काढायचा, इथेच गाडं अडतं. दोन दिवस मिळत असतील तर पहिली सकाळ पाचर आणि कुऱ्हाडीला द्यावी. चमचा थोडा जाडच राहील, काठ ओबडधोबड राहील. तो घरी बसून पातळ करता येतो.